दहीपूल ते तिवंधा: गल्ल्यांच्या नावांचं एक प्रकरण

जुन्या नाशकातल्या एका मराठी शाळेत मी इतिहास शिकवते. आमच्या नववीच्या वर्गाने स्थानिक इतिहासाचा प्रकल्प म्हणून शाळेभोवतालच्या गल्ल्यांच्या नावांचा नकाशा करायला घेतला. दिवाळीपर्यंत संपेल असं वाटलेलं हे काम वार्षिक परीक्षेच्या तोंडापर्यंत लांबलं, कारण एका वस्तीचं जुनं नाव नकाशावर लिहायचं की नाही हा प्रश्न वर्गात उभा राहिला. त्या प्रश्नावर मुलांनी, त्यांच्या घरच्यांनी आणि आम्ही शिक्षकांनी जो विचार केला, तो असंच काम हाती घेणाऱ्या इतर शाळांना उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं. म्हणून हे सगळं प्रकरण इथे लिहिते आहे. मुलांची आणि घरांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

हद्द आम्ही लहान ठेवली. वर अशोकस्तंभ आणि रविवार कारंजा, मधून मेनरोड, खाली दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार, तांबट लेन, तिवंधा आणि शेवटी गंगेचा काठ. नदी गोदावरी, पण नाशिककर तिला गंगाच म्हणतात. गंगाघाट, गंगावाडी, गंगापूर रोड ही नावं त्याच सवयीतून आलेली आहेत आणि मुलांना त्याचं वेगळं स्पष्टीकरण द्यावं लागलं नाही.

पुरावा कशाला म्हणायचं

सुरुवातीला मुलांनी गोष्टींचा ढीग आणला. कुठलंही नाव घ्या, ते का पडलं हे सांगणारं घरात कोणीतरी असतंच. म्हणून वर्गाने स्वतःच एक शिस्त ठरवली. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लिहायच्या: कागदात ते कुठे सापडलं, जागेवर आज काय दिसतं, आणि माणसं काय सांगतात. तिन्ही जुळलं तर नाव शाईने, नुसती गोष्ट असेल तर पेन्सिलने.

कागदांमध्ये १८८३ साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा नाशिक खंड होता. जेम्स कॅम्पबेल यांनी संपादित केलेल्या त्या खंडात शहराची वस्ती, देवळं, घाट यांची बारीक नोंद आहे. शिवाय मिळकत पत्रिका, घरपट्टीच्या पावत्या, ट्रंकेच्या तळाशी राहिलेली पोस्टकार्डं. पण सगळ्यांत कामाच्या ठरल्या त्या जुन्या लग्नपत्रिका. सरकारी कागदावर सिटी सर्व्हे नंबर आणि पेठ असते, गल्ली बहुतेक वेळा नसतेच. लग्नपत्रिकेवर मात्र पाहुणा न चुकता मांडवापर्यंत पोचेल असाच पत्ता छापावा लागतो. कोणाच्या आजोबांच्या, कोणाच्या आत्याच्या लग्नाची पत्रिका आली, आणि लोकांच्या तोंडचं नाव कधी बदललं हे त्या पत्रिकांवरून कळत गेलं.

शहराच्या नावापासूनच या शिस्तीचा कस लागला. लक्ष्मणाने शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. नऊ टेकड्यांवर, म्हणजे नऊ शिखरांवर वसलेलं म्हणून नाशिक, ही दुसरी व्युत्पत्ती गॅझेटिअरमध्येही आहे. दुसरी जागेवर तपासता येते. भांडी बाजारातून तिवंध्याकडे चालत गेलं की पोटऱ्या सांगतात, आपण टेकडी चढतो आहोत. सोनार आळी, डिंगर आळी, कोकणीपुरा, म्हसरूळ टेक ही सगळी उंचावरची वस्ती. पण याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही, टेकड्या तेवढ्या सिद्ध होतात. नावाचं जुनेपण मात्र पक्कं आहे: पांडवलेण्यांतल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्राकृत लेखात नाशिकच्या लोकांचा उल्लेख आहे. गोदाकाठच्या मातीच्या गढीवर १९५०-५१ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा वस्तीचे थर त्याहूनही मागे, ताम्रपाषाण काळापर्यंत गेले. पावसाळ्यात ढासळते म्हणून जी गढी मुलांना माहीत होती, तिच्या पोटात शहराचा इतका मोठा इतिहास आहे हे त्यांना या निमित्ताने कळलं.

मुघलांच्या काळात या शहराचं नाव गुलशनाबाद झालं आणि पेशवाईत ते पुन्हा नाशिक झालं. दीड हजारांहून जास्त वर्षं लोकांच्या तोंडी असलेलं नाव राज्यकर्त्याने बदललं तरी पूर्ण गेलं नाही, आणि सत्ता पालटल्यावर कागदावरही परत आलं. हे लक्षात ठेवा असं मी वर्गाला सांगितलं, कारण पुढे याच्या अगदी उलटं एक नाव आम्हाला भेटणार होतं.

धंद्याची नावं

या परिसरातली सगळ्यांत बोलकी नावं धंद्यांची आहेत. भांडी बाजार, सराफ बाजार, कापड पेठ, दूध बाजार. हुंडीवाला लेन, जिथे हुंडीच्या कागदावर एका गावात पैसे भरून दुसऱ्या गावात उचलण्याची सोय होती. बँका येण्याआधी व्यापाराचा सगळा भरवसा त्या कागदावर चाले. पगडबंद लेन, पगडी बांधून देणाऱ्या कारागिरांची. आज पगडी लग्नात भाड्याने मिळते, पण कुठल्याही शहरात पगडी बांधणाऱ्यांची एक अख्खी गल्ली असेल, तर त्या शहरात रोज पगडी घालणारी माणसं किती असतील याचा अंदाज मुलांना आपोआप आला.

तांबट लेनमध्ये आम्ही जास्त थांबलो. नाशिकच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची कीर्ती गॅझेटिअरच्या काळातही होती. तीर्थाला आलेला माणूस परत जाताना गंगेचं पाणी नेणार, तर ते कशात? तांब्यात, गडूत. तीर्थक्षेत्राने हा धंदा पोसला. एका तांबटकाकांनी मुलांना दुकानाच्या मागे नेलं. जमिनीत तिरपा रोवलेला लोखंडी दांडा, त्याच्या टोकावर तांब्याची घागर आडवी धरलेली, आणि काका गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने ती मठारत होते. मठारणं म्हणजे घडवून झालेल्या भांड्यावर एकमेकांना लागून बारीक ठोके देत जाणं. प्रत्येक ठोक्याचा एक चपटा, चकचकीत ठिपका उमटतो. ओळ सरळ राहावी म्हणून भांडं हातोडीखाली फिरवत राहायचं, हातोडी जागची हलवायची नाही. एका मुलीने विचारलं, "काका, हे ठोके फक्त शोभेला असतात का?" काका म्हणाले, "नाही गं पोरी. तापवून मऊ झालेलं तांबं ठोक्याने घट्ट होतं. न मठारलेली घागर नुसत्या बोटाने दबेल."

त्यांनी एक सांगितलं ते मुलांनी वहीत जसंच्या तसं उतरवलं: "आमच्या आळीत आवाज बंद झाला की घरातली बाई विचारायची, कोण गेलं?" कारण दिवसभर न थांबणारा ठोक्यांचा आवाज फक्त मौतीला थांबायचा. आता स्टीलच्या भांड्यांनी आणि यंत्रावर दाबून काढलेल्या तांब्याने हा धंदा फार थोड्या घरांत उरला आहे. गल्लीचं नाव बदलू नये यावर काका ठाम होते. "धंदा गेला तरी नाव राहू दे. आम्ही कोण होतो ते तरी कळेल."

ही त्यांची इच्छा आम्ही नकाशाच्या टिपणवहीत नोंदवली. तिचं महत्त्व नंतर कळलं.

पाण्याची नावं

दहीपुलावर वर्गातल्या निम्म्या मुलांनी दह्याचा शोध घेतला. दही विकायला बसत म्हणून, असं बहुतेक जण सांगतात. ती नोंद पेन्सिलने झाली. मला मुलांचं लक्ष पुलाकडे न्यायचं होतं. दहीपुलावर उभं राहिलं तर पूल दिसत नाही. रस्ता आहे, दुकानांची रांग आहे, दुचाक्या आहेत. मग पूल कशावर?

खाली सरस्वतीचा नाला आहे. वरच्या भागातून येऊन सराफ बाजाराच्या बाजूने गोदावरीला मिळणारा हा ओहोळ आता बंदिस्त आहे, त्याच्यावरून बाजार चालतो. पण पाणी आपली वाट विसरलेलं नाही. जोराचा पाऊस झाला की शहरातलं पाणी आजही दहीपुलाकडे धावतं आणि तिथून सराफ बाजारात, भांडी बाजारात शिरतं. गोदावरीलाही पूर असेल तर नाल्याचं पाणी पुढे सरकतच नाही. सप्टेंबर २००८, ऑगस्ट २०१६, ऑगस्ट २०१९ या पुरांच्या आठवणी इथल्या प्रत्येक दुकानदाराकडे आहेत. एका सराफांनी मुलांना भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते हाताने दाखवलं आणि दुकानाचा उंबरठा का वाढवला तेही सांगितलं. नदीचं पाणी किती चढलं हे नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून सांगतात: गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. दुतोंड्याच्या छातीला पाणी लागलं की सराफ बाजारात माल वरच्या मजल्यावर हलवायची घाई सुरू होते.

म्हणजे 'दहीपूल' हे नाव या रस्त्याच्या पोटात काय आहे ते रोज सांगतं आहे. उद्या कोणी प्रेमाने, आदराने त्या चौकाला एखाद्या मोठ्या माणसाचं नाव दिलं आणि जुनं नाव लोकांच्या तोंडून गेलं, तर पुढच्या पिढीला इथे पूल होता आणि खाली प्रवाह आहे हे सांगणारी शेवटची खूण जाईल. हे मी फार गांभीर्याने लिहिते आहे. शिंगाडा तलावाचं उदाहरण जवळच आहे. तिथे आज तलाव नाही, अग्निशमन दलाचं मुख्यालय आहे. नाव राहिलं म्हणून तरी आपण विचारतो की तलाव कुठे गेला. रविवार कारंजा आणि गंगेपलीकडचा पंचवटी कारंजा याही पाण्याच्याच जागा.

याला जोडून मुलांनी एक छान गोष्ट शोधली. मुंबई नाका, त्र्यंबक नाका, आडगाव नाका, पेठ नाका, दिंडोरी नाका, मखमलाबाद नाका. ही सगळी नावं नकाशावर ठिपक्यांनी मांडून त्यांनी रेघ ओढली तर शहराभोवती एक कडं तयार झालं. प्रत्येक नाक्याला बाहेर जाणाऱ्या रस्त्याच्या गावाचं नाव. एके काळी नाशिक इथे संपत होतं. आता महापालिकेची हद्द या कड्याच्या कितीतरी पलीकडे गेली आहे, पण रिक्षावाल्याला "नाक्यावर सोडा" म्हटलं की तो अजून विचारतो, "कोणत्या?"

माणसांची नावं, आणि शरणपूर

सन्मानाने दिलेल्या नावांबद्दल वर्गात वाद झाला नाही. गोदावरीवरच्या जुन्या दगडी पुलाला व्हिक्टोरिया राणीचं नाव होतं, आता तो अहिल्यादेवी होळकर पूल आहे. होळकरांचा या जिल्ह्याशी संबंध चांदवडच्या वाड्यापासून आहे आणि देशभरच्या तीर्थांवर घाट-देवळं बांधणाऱ्या बाईचं नाव तीर्थाच्या पुलाला शोभतं. म्हातारी माणसं अजून 'व्हिक्टोरिया पूल' म्हणतात, ते राणीवरच्या प्रेमाने नाही, लहानपणीचं नाव जिभेवर बसलेलं असतं म्हणून.

तिळभांडेश्वर लेनचं प्रकरण वेगळं. सावरकर बंधूंचं वास्तव्य आणि अभिनव भारत संघटनेचा इतिहास त्या गल्लीशी जोडलेला आहे, १९०९ साली कलेक्टर जॅक्सनच्या वधाने हादरलेलं शहर हेच. तरीही गल्ली महादेवाच्याच नावाने ओळखली जाते. त्या इतिहासाची आठवण वास्तूने आणि फलकाने जपली आहे, गल्लीचं नाव बदलावं लागलं नाही.

काजीपुरा, कोकणीपुरा, पठाणपुरा, मुलतानपुरा, बागवानपुरा ही भद्रकालीच्या बाजूची नावं मुलांनी त्या भागातल्या वर्गमित्रांच्या घरी बसून लिहून घेतली. कोकणीपुऱ्यातल्या एका चाचांनी सांगितलं, "आमचे पूर्वज कोकणातून घाट चढून आले, धंद्यासाठी." आणि मग त्यांच्या घरात बोलली जाणारी बोली ऐकवली. तिच्यातली मराठी मुलांना लगेच ओळखू आली. त्या चाचांनी मुलांना बसवून शीरखुर्मा खायला घातला आणि स्वतःच्या आजोबांच्या निकाहाची पत्रिका फोटो काढायला दिली. पत्ता मराठीत होता.

शरणपूर आमच्या हद्दीबाहेरचं. पण वर्गातल्या निम्म्या मुलांच्या क्लासचा रस्ता शरणपूर रोड, म्हणून विषय निघाला आणि मी तो थांबवला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम प्राइस यांनी इथे वसाहत उभी केली, शरण आलेल्यांचं गाव म्हणून शरणपूर. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांना घेऊन जाणारी गलबतं इंग्रज आरमार पकडत असे. त्यातून सुटलेली मुलं मुंबईत आणली जात, आणि त्यांतली अनेक या वसाहतीत वाढली. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणं-वाचणं शिकली. १८६५ साली आफ्रिकेचा संशोधक-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन याने आपल्या शेवटच्या मोहिमेसाठी यांतली नऊ मुलं निवडली. पुढे त्याला येऊन मिळालेला जेकब वेनराइट हा याच शाळेत शिकलेला. १८७३ साली आजच्या झांबियात लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचं नाव झाडावर कोरणारा जेकबच. त्याने आणि सोबत्यांनी ते शव किनाऱ्यापर्यंत वाहून आणलं. एप्रिल १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफनाच्या वेळी खांदा देणाऱ्यांत तो होता. इंग्रजी कागदपत्रांत या मुलांना 'नासिक बॉइज' म्हटलं आहे. त्यांच्यापैकी पुष्कळ जण १८७५ नंतर मोंबासाजवळच्या फ्रिअर टाउन या सुटका झालेल्यांच्या वसाहतीत जाऊन राहिले.

सिग्नलला थांबून रोज ज्या रस्त्याचं नाव आपण वाचतो, त्या नावामागे आफ्रिकेतून तोडून आणलेल्या मुलांचं बालपण आहे. वर्ग हे ऐकताना एकदम शांत झाला होता. नंतर एक मुलगा म्हणाला, "बाई, ती मुलं पण आपल्यासारखीच नाशिकची." नकाशाच्या कडेला, हद्दीबाहेर बाण काढून, शरणपूरची नोंद झाली.

जे नाव लिहायचं की नाही ते ठरेना

मिळकत पत्रिका आणि जुन्या पावत्या तपासणाऱ्या गटातली एक मुलगी कागद घेऊन माझ्याकडे आली. "बाई, आमच्या वस्तीचं जुनं नाव यावर आहे. जातीचं आहे. टाकायचं का?"

ते नाव मी इथेही लिहीत नाही, त्याचं कारण पुढे येईल.

वर्गाची शिस्त सरळ सांगत होती की टाकायलाच हवं. कागद पक्का, जागा पक्की, सांगणारी माणसं हयात. एका हुशार मुलाने हेच मांडलं आणि त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता: "आपणच ठरवलंय ना, पुरावा असेल तर शाईने?" दुसरा म्हणाला, "मग सोनार आळी, तेली गल्ली पण जातीचीच नावं आहेत. ती ठेवली, मग हे का नाही?" आमच्या एका सहकारी शिक्षकांना काळजी होती ती वेगळी. वाईट नाव नकाशावरून काढलं तर उद्या कोणी म्हणेल इथे अस्पृश्यता नव्हतीच.

तिन्ही मुद्दे खरे आहेत आणि तिन्हींना उत्तर द्यायला हवं होतं. मी मुलांना आधी नदीपलीकडे नेलं, काळाराम मंदिरापाशी. सरदार ओढेकरांनी पेशवाईत बांधलेलं हे मंदिर. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड यांनी तो पुढे नेला. हजारो स्त्री-पुरुष मंदिराच्या दरवाजांसमोर बसले, दरवाजे बंद राहिले, रामनवमीच्या रथाच्या वेळी दगडफेक झाली. सत्याग्रह काही वर्षं चालला, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. मंदिराच्या पायऱ्यांवर उभं राहून मी मुलांना विचारलं, ही माणसं घरी परत कुठे जात असतील? त्यांच्या पत्त्यावर कोणतं नाव असेल? ते नाव कोणी ठेवलं असेल?

मग त्या मुलीच्या आजी शाळेत आल्या. आम्ही त्यांना बोलावलं होतं, पण त्यांना बोलायचंही होतं. वर्गासमोर खुर्चीत बसून, हातात पदराचं टोक धरून त्या म्हणाल्या, "ते नाव आम्ही ठेवलेलं नव्हतं, बाळांनो. आम्हाला ठेवलेलं होतं. माझ्या सासऱ्यांच्या वेळेला दीक्षा घेतल्यावर वस्तीतल्या माणसांनी बसून नवं नाव ठरवलं. पाटी त्यांनीच रंगवली. पोस्टमन आधी त्या नावाने पत्र आणायचा नाही. मग आणायला लागला."

मघाच्या त्या हुशार मुलाने उभं राहून विचारलं, "आजी, मग जुनं नाव कुठेच लिहायचं नाही का?"

आजी थोडा वेळ थांबल्या. "पुस्तकात लिहा. आमच्या दारावर नको."

माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा निकाल तिथे लागला होता. तरी वर्गाला तो स्वतःच्या शब्दांत मांडायला वेळ दिला. मुलांच्या लक्षात पहिली गोष्ट आली ती तारखांची. महाराष्ट्र सरकारने जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये घेतला आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. आजींच्या वस्तीने आपलं नाव त्याच्या कितीतरी आधी, कोणाच्या आदेशाची वाट न पाहता, बदललं होतं. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर महाराष्ट्रातल्या कितीतरी वस्त्यांनी हेच केलं. म्हणजे आमच्या नकाशात ज्याला आम्ही 'नवं' नाव म्हणत होतो, तेच त्या हद्दीतलं रहिवाशांनी स्वतः बसून ठरवलेलं एकमेव नाव होतं. गुलशनाबाद राज्यकर्त्याने दिलं, व्हिक्टोरिया पूल साहेबाने दिला, तांबट लेन वहिवाटीने पडलं. या एका नावामागे मात्र बैठक होती, ठराव होता, रंगाचा डबा होता.

सोनार आळीचा प्रश्न मात्र मी सोपा करून सांगितला नाही. धंदा आणि जात आपल्याकडे वेगळे काढता येत नाहीत, त्यामुळे 'हे धंद्याचं, ते जातीचं' अशी रेघ ओढून सुटका नाही. फरक पडतो तो ते नाव सांगताना माणसाचं काय होतं यात. तांबटकाका नाव सांगताना ताठ बसतात. आजींच्या सासऱ्यांना नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना हात आखडायचा. एकाला त्या नावाने गिऱ्हाईक मिळालं, दुसऱ्याला त्या नावाने दार बंद झालं. हे कागदावरून कळत नाही, विचारावंच लागतं. म्हणून वर्गाने शिस्तीत चौथी गोष्ट वाढवली: त्या नावाने ज्यांना ओळखलं जातं, त्यांना ते नकाशावर हवं आहे का? मग मुलं पुन्हा प्रत्येक गल्लीत गेली. धंद्याच्या बहुतेक गल्ल्यांनी तांबटकाकांसारखंच उत्तर दिलं. काही घरांनी "काहीही लिहा, आम्हाला फरक पडत नाही" म्हटलं. एका घरातल्या सुनेने मात्र गल्लीच्या नावाबद्दल नाराजी सांगितली आणि सासऱ्यांनी अभिमान सांगितला. ती दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लिहिली आहेत.

सहकाऱ्यांच्या काळजीचं उत्तर टिपणवहीने दिलं. नकाशावर वस्तीचं आजचंच नाव आहे. जाडजूड टिपणवहीत जुनं नाव आहे, ते कुठल्या कागदावर सापडलं ते आहे, आजींचं बोलणं आहे, नवं नाव कोणी आणि का ठरवलं ते आहे, आणि काळाराम सत्याग्रहाची चार पानं आहेत. ती वही शाळेच्या ग्रंथालयात कोणालाही बसून वाचता येते. हा मजकूर मात्र कोणाच्याही हातात, कुठल्याही संदर्भात पडेल. म्हणून ते नाव इथे नाही. अस्पृश्यता लपवायची नाही हे सहकाऱ्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे. पण ती उघड करताना ज्यांनी ती सोसली त्यांच्याच उंबरठ्यावर पुन्हा पाटी ठोकायची नाही.

काम कुठवर आलं

नकाशा शाळेच्या जिन्यात लावला आहे. दहीपुलाखाली निळ्या शाईने सरस्वतीचा नाला काढला आहे, आणि पालकसभेला आलेले लोक पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतात. दह्याची गोष्ट अजून पेन्सिलीतच आहे. तिवंध्याच्या नावाच्या ज्या गोष्टी मिळाल्या त्या एकमेकींशी जुळत नाहीत, त्याही पेन्सिलीत.

पुढच्या वर्षीचा वर्ग पंचवटी घेणार आहे: सीतागुंफेचा परिसर, पंचवटी कारंजा, मालेगाव स्टँड, गणेशवाडी. कामाची सुरुवात माणसांना विचारण्यापासून होईल, कागद त्यानंतर. ज्या नाशिककरांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या लग्नपत्रिका, जुनी पोस्टकार्डं किंवा पत्ता छापलेल्या दुकानाच्या पावत्या असतील, त्यांनी त्या रद्दीत देऊ नयेत. पत्त्याच्या ओळीचा एक फोटो काढून त्यावर साल आणि घर मूळचं कुठलं ते लिहून ठेवावं. गल्लीचं नाव का पडलं हे सांगणारं घरात कोणी असेल, तर ते त्यांच्याच आवाजात मोबाईलवर नोंदवून ठेवावं, आणि सोबत एवढं जरूर विचारावं की ते नाव त्यांना आवडतं का.